तांदळाच्या दाण्याएवढा पूर

मावशी,

आम्ही डॅलसला राहतो. मुलगा अकरा वर्षांचा आहे. शेजारी त्याच्याच वर्गातला मित्र राहतो, आणि घरातली माणसं अतिशय चांगली. मागच्या वर्षी माझ्या नवऱ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा दोन आठवडे रोज संध्याकाळी त्यांच्याकडून जेवण आलं. मार्चच्या सुट्टीत ते ग्रँड कॅन्यनला गेले, आमच्या लेकालाही घेऊन गेले. परत आल्यावर हा ताटावर बसून म्हणतो, "आई, तिथले सगळे थर बायबलमधल्या नोहाच्या पुरात एका वर्षात साचले. पृथ्वी सहा हजार वर्षांचीच आहे. शाळेत चुकीचं शिकवतात." मित्राच्या बाबांनी त्याला चित्रांचं पुस्तकही दिलंय. नवरा भडकला, म्हणाला, अडाण्यांच्या घरी जाणं बंद. साताऱ्याला सासऱ्यांना व्हिडिओ कॉलवर कळलं, तर ते म्हणाले, "सांग त्यांना, आपल्या शास्त्रात ४३२ कोटी वर्षं आधीच लिहून ठेवलीत!" मी कॉमर्सची, मला दगडातलं ओ की ठो कळत नाही. जुलैत आम्ही तिघं कॅन्यनला जाणार आहोत. लेकाला काय सांगू? आणि शेजाऱ्यांचं काय करू?

— मधल्या मधे अडकलेली

*

अगं,

शेजाऱ्यांचं काहीच करू नकोस. ज्या घरातून दोन आठवडे जेवण आलं, त्या घराचं दार पृथ्वीच्या वयावरून बंद करायचं नसतं. नवऱ्याला हे माझ्या नावावर सांग. आणि "अडाणी" हा शब्द त्याने मागे घ्यावा, कारण तो खराही नाही. हे म्हणणं मांडणाऱ्यांत शिकलेली माणसं आहेत. अँड्र्यू स्नेलिंग हे त्यांच्यातलं मोठं नाव, आणि त्यांची भूशास्त्रातली डॉक्टरेट सिडनी विद्यापीठाची आहे. ग्रँड कॅन्यनमधल्या खडकांचे नमुने गोळा करायला परवानगी नाकारली म्हणून २०१७ साली ते कोर्टात गेले, आणि मग परवानगी मिळाली. तुझ्या डॅलसमध्येच या मंडळींची एक जुनी संस्था आहे, तिचं स्वतःचं संग्रहालय आहे. तेव्हा तुझ्या शेजाऱ्याने हे स्वप्नात पाहिलेलं नाही. त्याला ते पद्धतशीर शिकवलेलं आहे, आणि त्याने तितक्याच आपुलकीने तुझ्या लेकाला सांगितलंय.

आता हे सहा हजार कुठून आले ते ऐक, म्हणजे तुला बोलताना धीर येईल. आयर्लंडमधले आर्चबिशप जेम्स अशर मोठे विद्वान होते. बायबलमधल्या वंशावळी, कोण किती वर्षं जगला, कोणाला कितव्या वर्षी मुलगा झाला, याची इतर देशांच्या इतिहासाशी सांगड घालत त्यांनी मागे मागे हिशेब केला. १६५० साली जाहीर केलं की सृष्टी इसवी सनापूर्वी ४००४ मध्ये, २३ ऑक्टोबरच्या सुमारास निर्माण झाली. आज हसू येतं, पण त्या काळी जुना काळ मोजायचं दुसरं साधनच माणसाच्या हातात नव्हतं. पुढे इंग्रजी बायबलच्या समासात त्यांचे आकडे छापले जाऊ लागले, आणि समासातलं वाचता वाचता लोकांना ते मूळ ग्रंथातलंच वाटू लागलं. या हिशेबात नोहाचा पूर येतो सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी.

ज्या काळात हा पूर सगळी पृथ्वी बुडवत होता असं म्हणतात, त्या काळात गिझाचे पिरॅमिड उभे होते आणि हडप्पा, मोहेंजोदडोत माणसं विटांच्या घरांत नांदत होती. हे लेकाला जाता जाता सांगून ठेव, त्यावर अडून बसू नकोस.

त्याला एक गोष्ट मात्र नीट सांग, कारण तुझ्या घरात हा वाद "विज्ञान विरुद्ध ख्रिस्ती धर्म" असा पेटलाय आणि ते धादांत चूक आहे. थर वाचायला शिकवलं कोणी? खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा, आणि गाळ मुळात आडवाच साचतो, हा नियम १६६९ मध्ये मांडणारे निकोलस स्टेनो पुढे कॅथलिक बिशप झाले. केंब्रिजचे अ‍ॅडम सेजविक धर्मगुरूही होते आणि भूशास्त्राचे प्राध्यापकही. तरुणपणी त्यांना वाटायचं की वरवरचा रेतीगोट्यांचा गाळ नोहाच्या पुराचा आहे. रानोमाळ हिंडून त्यांनी थर पाहिले आणि १८३१ मध्ये लंडनच्या भूशास्त्र सभेपुढे, अध्यक्षपदावरून, आपण चुकलो असं कबूल केलं. डार्विनचं पुस्तक यायला तेव्हा अजून अठ्ठावीस वर्षं होती. म्हणजे पुराची कल्पना भूशास्त्रातून नास्तिकांनी काढली नाही. रोज प्रार्थना करणाऱ्या माणसांनी, पायाला फोड येईस्तोवर चालून, ती खाली ठेवली.

आणि आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर नागपूरचे स्टीफन हिस्लॉप. ज्यांच्या नावाचं कॉलेज आहे तेच. स्कॉटलंडहून धर्मप्रसाराला आलेले हे मिशनरी सुट्टीत हातोडा घेऊन फिरायचे. नागपूरजवळ टाकळीला त्यांना लाव्ह्याच्या दोन थरांच्या मधल्या गाळात गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख आणि झाडांची फळं-बिया सापडल्या, सगळं दगड झालेलं. विचार कर, खाली लाव्हा, मध्ये तळं, वर पुन्हा लाव्हा! खालचा निवला, त्यावर पाणी साठलं, त्यात पिढ्यान्पिढ्या गोगलगायी जगल्या, मग वरचा आला. १८६३ मध्ये पूर आलेला ओढा घोड्यावरून ओलांडताना ते वाहून गेले. पुराने काय होतं हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती.

आज तुझ्या शेजाऱ्याकडे जे पोचलंय ते मात्र अशरइतकं जुनं नाही. विसाव्या शतकात आधी जॉर्ज मॅक्रेडी प्राइस या अ‍ॅडव्हेंटिस्ट पंथाच्या शिक्षकाने ते मांडलं, आणि १९६१ मध्ये जॉन व्हिटकॉम्ब हे धर्मशास्त्री आणि हेन्री मॉरिस हे जलअभियंते यांनी मिळून एका जाड पुस्तकातून घराघरांत नेलं. जलअभियंत्याला सगळीकडे पाणी दिसलं, यात मला नवल वाटत नाही. माझ्या भावाला, तो प्लंबिंगचा ठेकेदार, प्रत्येक भिंतीत ओल दिसते.

आता जुलैबद्दल. लेकाशी घरी वाद घालू नकोस, त्याला तिथे पुन्हा ने. मी तीस वर्षं पोरांना घाटाघाटांतून हिंडवलंय, त्यावरून सांगते: वर्गात दहा वेळा सांगून जे कळत नाही ते कातळाला हात लावला की एका झटक्यात कळतं. आंबेनळी घाटात काळ्या कातळाच्या दोन थरांमध्ये विटकरी मातीचा पट्टा दिसतो. पोरं विचारायची, हा लाल रंग कोणी दिला? मी म्हणायची, तुम्हीच सांगा. हवेपावसाने झिजून, कुजून झालेली जमीन ती, वरच्या लाव्ह्याने भाजून काढलेली. आणि असा पट्टा एक नसतो. मोजता मोजता पोरं गप्प व्हायची.

कॅन्यनच्या दक्षिण काठावर उभी राहिलीस की तुझ्या पायाखालचा खडक कायबाब चुनखडक. त्यात समुद्री शिंपले, स्पंज सापडतात. शेजारी म्हणणार, बघा, दोन हजार मीटर उंचीवर शिंपले, म्हणजे पूर! लेकाला विचार, शिंपले उंचावर गेले की तळच वर उचलला गेला? मग त्याच्या नजरेने खाली उतर. चुनखडकाखाली थोडं सोडून जो फिकट, पिवळसर पांढरा, सरळ तुटलेला कडा दिसतो ना, तो कोकोनिनो वालुकाश्म. मला विचारशील तर सगळा खटला इथेच चालवावा.

हा थर म्हणजे वाळवंटातल्या वाळूच्या टेकड्या, सुमारे पावणेअठ्ठावीस कोटी वर्षांपूर्वीच्या. वाऱ्याने वाळू उतारावरून घसरत जाऊन जे तिरपे थर पडतात ते त्यात जसेच्या तसे गोठलेत. आणि त्या उतारांवर पाऊलखुणा आहेत. चार पायांच्या प्राण्यांच्या, शिवाय कोळी आणि विंचवासारख्या जिवांच्या. जगबुडी चालू आहे, वर्षभरात मैलभर गाळ खाली कोसळतोय, आणि मध्येच एक विंचू निवांत वाळूवरून चालत जातो? त्यांचंही उत्तर आहे. ते म्हणतात, या टेकड्या पाण्याखालच्या आहेत. त्यांच्यातल्या एका संशोधकाने प्रयोगशाळेत सॅलॅमँडर, म्हणजे पालीसारखा दिसणारा प्राणी, पाण्याखाली चालवून ठसेही घेऊन पाहिले. प्रयोग केला याचं मी कौतुक करते, खरंच. पण सॅलॅमँडर म्हणजे विंचू नव्हे. आणि कोकोनिनोच्या लगेच खाली लाल हर्मिट थर आहे, त्यात नेच्यांचे ठसे आहेत आणि आटलेल्या तळ्याच्या मातीला पडतात तशा भेगा आहेत. आपल्याकडे मे महिन्यात दुष्काळी भागातलं धरण पाहिलंय ना? तशा. त्या भेगा पडायला ऊन लागतं.

असंच वर-खाली चालू राहतं. मधला लाल उंच कडा म्हणजे रेडवॉल चुनखडक. तो घट्ट झाला, समुद्रातून वर आला, पावसाने त्याच्यात गुहा आणि दऱ्या पडल्या, मग त्या दऱ्यांत वेगळाच गाळ भरला. मऊ चिखलात गुहा पडत नाहीत. आणि तळाशी, नदीजवळ, जो विष्णू शिस्ट नावाचा काळा खडक आहे (हो, नाव विष्णूच; नावं देणाऱ्यांनी तिथे शिव आणि ब्रह्माही ठेवलेत), तो सुमारे १७० ते १८० कोटी वर्षांचा. त्याच्या अंगावर सरळ बसलेला वालुकाश्म जेमतेम पन्नास कोटींचा. मधली सव्वाशे कोटी वर्षांची पानं झिजून गेलीत. पुस्तक पूर्ण आहे असं कोणी भूशास्त्रज्ञ म्हणत नाही.

लेकाला एक कोडं घाल. एवढ्या सगळ्या थरांत एकही डायनासोर नाही, एकही पक्षी नाही, एकही सस्तन प्राणी नाही, का? त्याच्या पुस्तकात बहुधा असं असेल की हुशार आणि चपळ प्राणी पाणी चढताना उंचावर पळाले, म्हणून ते वरच्या थरांत सापडतात. मग विचार, फुलझाडं कुठे पळाली? त्या थरांत फूल नाही, फुलाचा परागकणही नाही. अकरा वर्षांच्या पोराला हे फार आवडतं. आंब्याचं झाड मुळं वर धरून डोंगराकडे धावतंय असं चित्र तो स्वतःच काढेल.

आकड्यांबद्दल शेजारी म्हणेल, वय मोजायच्या पद्धतीच खोट्या. तेव्हा घटिकापात्र आठव. तुझ्या लग्नात नसेल, पण सासूबाईंच्या लग्नात भटजींनी ठेवलं असेल: तळाला भोक असलेली वाटी पाण्यात सोडायची, भरून बुडाली की घटका झाली. खडकातलं युरेनियम ठरलेल्या वेगाने शिसं होत जातं, ते असंच घटिकापात्र. "भोक पूर्वी मोठं नसेल कशावरून?" हा प्रश्न चांगला आहे, पोराने विचारला तर शाबासकी दे. उत्तर असं की वाट्या अनेक आहेत, पोटॅशियमची वेगळी, रुबिडियमची वेगळी, प्रत्येकीचं भोक निराळं, आणि नीट निवडलेल्या खडकात त्या वेळ तीच दाखवतात. १९८० मध्ये फुटलेल्या माउंट सेंट हेलेन्स ज्वालामुखीच्या ताज्या खडकाला साडेतीन लाख वर्षं वय आलं, हे तुला ऐकवतील. आलं खरं. पण कोटी वर्षं मोजायच्या वाटीने काल-परवाचा खडक मोजला तर दुसरं काय येणार? उसाच्या ट्रकच्या वजनकाट्यावर वेलची तोलल्यासारखं आहे ते.

आणि मजा ऐक. या मंडळींनीच १९९७ पासून आठ वर्षं पदरचे पैसे घालून या पद्धतींची तपासणी केली. निष्कर्ष काय काढला? आजच्या वेगाने पन्नास कोटी वर्षांहून जास्त लागतील एवढं विघटन खडकांत झालेलं आहे! मग ते सहा हजारांत बसवायला त्यांना म्हणावं लागलं की निर्मितीच्या दिवसांत आणि पुराच्या वर्षात विघटनाचा वेग अफाट वाढला होता. एवढ्या वेगाने खडक वितळून जातील इतकी उष्णता निघेल, ही अडचण त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. मला त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल आदर आहे. पण ताळेबंद जुळत नाही म्हणून चमत्काराची एक नोंद टाकायची, हे तुझ्या कॉमर्समध्ये चालतं का सांग.

त्यांचं एक म्हणणं मात्र मान्य कर, नाहीतर लेक तुला खोटी ठरवेल. काही थर खरोखर झटपट पडतात. सेंट हेलेन्सच्या स्फोटात तासाभरात मीटर-मीटरचे थर साचले, आणि दोन वर्षांनी चिखलाच्या लोंढ्याने तिथे छोटी घळही कापली. पण ती सैल राखेत. महापूरही खरे असतात. वॉशिंग्टन राज्यातली जमीन हिमयुगातल्या एका प्रचंड पुराने ओरबाडली गेली हे हार्लेन ब्रेट्झ १९२३ पासून सांगत होते, भूशास्त्रज्ञांनी त्यांना वेड्यात काढलं, आणि १९७९ मध्ये, ते शहाण्णव वर्षांचे असताना, त्यांना सर्वोच्च पदक दिलं. पण त्या पुराच्या खुणा कशा दिसतात ते पाहा: एकमेकांत गुंतलेल्या उथळ वाटा, घराएवढ्या उंच रेतीच्या लाटा. ग्रँड कॅन्यन कापणारी कोलोरॅडो नदी आणि तिच्या उपनद्या जिथे नागमोडी वळणं घेत कातळात खोल उतरल्या आहेत, तसं लोंढ्याचं पाणी वागत नाही.

आता सासरेबुवा. त्यांचा मान ठेवूनच सांग, पण सांग. ४३२ कोटी हा ब्रह्मदेवाचा एक दिवस, म्हणजे अख्खा कल्प. संकल्प सोडताना आपण "श्वेतवाराहकल्पे, वैवस्वतमन्वंतरे" म्हणतो, त्या हिशेबाने या कल्पातली गेली आहेत फक्त १९७ कोटी वर्षं. पृथ्वीचं वय आहे सुमारे ४५४ कोटी. जुळवायचं ठरवलं तर काहीही जुळतं, आणि अशर यांनी तरी दुसरं काय केलं होतं? आपल्या पूर्वजांना एवढ्या मोठ्या काळाची भीती वाटली नाही याचा मला अभिमान आहे. पण त्यांनी ते खडक फोडून काढलं नव्हतं. पोराने शेजाऱ्याच्या ग्रंथापुढे आपला ग्रंथ आपटला तर त्याला खडक वाचता येणार नाही, नुसतं भांडता येईल. शिवाय मत्स्यावतार आणि मनूची नौका आजोबांना पाठ असेल. ती गोष्ट त्यांनी जरूर सांगावी, गोष्ट म्हणून, आणि नोहाची तिच्या शेजारी ठेवावी.

४५४ कोटीचा आकडा मात्र तुमच्या वाटेवरच आहे. डॅलसहून गाडीने जाणार असाल तर अ‍ॅरिझोनात विन्सलोच्या पुढे उल्केने पाडलेलं विवर लागतं. त्या उल्केच्या लोखंडी तुकड्यातलं शिसं मोजूनच क्लेअर पॅटरसन यांनी १९५६ मध्ये पृथ्वीचं वय ४५५ कोटी वर्षं काढलं. तेव्हापासून ते फारसं हललेलं नाही. तिथे तासभर थांबा.

कॅन्यनवर पोचलात की यावापाई संग्रहालयापासून "काळाची वाट" सुरू होते. जमिनीत धातूच्या खुणा ठोकल्यात, एक मीटर म्हणजे दहा लाख वर्षं, आणि ज्या त्या वयाचा खडक बाजूला मांडलाय, हात लावायला. लेकाला पहिल्या खुणेशी उभा कर आणि खिशातून नेलेला आंबेमोहोराचा एक दाणा जमिनीवर ठेवायला सांग. तो दाणा पाचेक मिलिमीटरचा. या वाटेवर नोहाचा पूर त्या दाण्याच्या आतच येतो, अशरची निर्मिती दाण्याच्या जरा पलीकडे. मग चालू लागा. सहासष्ट मीटरवर थांबून म्हण, हा आजोबांचा सह्याद्री, इथे तो लाव्हा होता. पावणेतीनशेच्या आसपास कोकोनिनोतला विंचू. विष्णू शिस्टपर्यंत पोचायला पाऊण तास लागेल, पोरगं वाटेत पाणी मागेल, कंटाळेलही. कंटाळू दे. काळ केवढा मोठा आहे हे कंटाळ्याशिवाय कळत नाही.

ते चित्रांचं पुस्तक काढून घेऊ नकोस, प्रवासात बरोबर घे. त्यातलं एकेक चित्र समोरच्या कड्याशी ताडून बघू दे त्याला. तुला उत्तर आलं नाही तर "मला माहीत नाही, रेंजरला विचारू" म्हण, त्यात कमीपणा नाही. गाडीत जागा असेल तर त्या मित्रालाही घ्या. मार्चमध्ये त्यांनी नेलं, जुलैत तुम्ही न्या. त्याच्या आईवडिलांना आधी सांग की आम्ही शाळेत शिकवतात ती बाजू दाखवणार आहोत, चालेल ना? लपवून काही करू नकोस. आणि त्यांच्या टेबलावर प्रार्थना चालू असेल तेव्हा लेकाने मान खाली घालून शांत बसावं, हे त्याला माहीत असेलच.

पाऊलखुणा डोळ्यांनी पाहायच्या असतील तर हर्मिट ट्रेलने कोकोनिनोपर्यंत उतरा. पहाटे निघा, जुलैचं ऊन वाईट असतं, आणि चढ परतीला असतो हे विसरू नका. दगड खिशात टाकू देऊ नकोस, राष्ट्रीय उद्यानातून खडासुद्धा आणता येत नाही. त्याला हातात धरायला दगड हवाच असेल तर सासऱ्यांना फोन कर. घराच्या मागे हात घातला तरी सहासष्ट सापडेल त्यांना. कोटी नव्हे, सहा कोटी साठ लाख. तेवढं मात्र आजोबांनी पार्सलवर बरोबर लिहावं.

तुझी,
मावशी